डब्यातले सत्त्व : नासते कशाने आणि ओळखावे कसे

ऊस विकास अधिकारी



ऊस विकास विभागाचे पान आणि त्यात आरारूट-कॉर्नफ्लॉवरचा विषय, हे पाहून काहीजण हसतील. हसू द्या. लागणीच्या हंगामाआधी गावोगाव मेळावे होतात तेव्हा आमच्या भगिनी सभासदांचे प्रश्न बेण्याइतकेच घरातल्या डब्यांचे असतात. मागच्या खेपेस एका मावशींनी सरळच विचारले, "सायेब, तीन वर्सांचं आरारूट हाय. किडं न्हाईत, वास न्हाई. टाकू का ठिवू?" शेजारी बसलेल्या सूनबाईंची तक्रार उलटी. त्यांचा कॉर्नफ्लॉवरचा पुडा फोडून जेमतेम दोन महिने झालेले, वरची तारीखही शिल्लक. पण सूप काही दाट होईना आणि डबा उघडला की कोंदट वास. तीन वर्षांचे चांगले आणि दोन महिन्यांचे खराब, हे कसे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते मेळाव्यात चार वाक्यांत सांगून भागण्यासारखे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

उसाच्या बाबतीत आपण सगळे घड्याळाकडे पाहतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला जावा, असे आम्ही ओरडून सांगतो, कारण तोड झाली की साखर घटायला लागते. तिथे काळ हा शत्रू. सत्त्वाचे तसे नाही. सत्त्व काळाने नासत नाही, पाण्याने नासते. कोरडे राहिले तर वर्षानुवर्षे टिकते आणि ओल लागली तर एका पावसाळ्यात वाया जाते. मावशींचे आरारूट घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर होते. सूनबाईंचा पुडा चुलीशेजारच्या फळीवर, तोंडाला रबर लावून. फरक एवढाच.

सत्त्व आणि पीठ यांत फरक काय?

आधी एक घोळ दूर करू. आपण मक्याचे कॉर्नफ्लॉवर, आरारूट, तवकीर, गव्हाचे सत्त्व, नाचणीचे सत्त्व या सगळ्यांना सर्रास 'पीठ' म्हणतो. पण पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला. त्यात कोंडा आला, प्रथिने आली, अंकुरातले तेल आले. सत्त्व म्हणजे दाणा किंवा कंद भिजवून, वाटून, गाळून, पाण्याखाली बसलेला निव्वळ पांढरा साका. शास्त्रीय भाषेत स्टार्च किंवा पिष्ट. आरारूटाचा कंद मूळचा अमेरिका खंडाकडचा, तवकीर आपल्याकडच्या जंगलात होणाऱ्या हळदीच्या जातीच्या कंदाची, कॉर्नफ्लॉवर मक्याचे. वनस्पती निरनिराळ्या असल्या तरी डब्यात येते ती वस्तू जवळजवळ एकच.

हा फरक साठवणीत महत्त्वाचा ठरतो. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते हे कुठल्याही घरात सांगावे लागत नाही. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, दळल्यावर तो उघडा पडतो आणि खवट होतो. सत्त्वात तेल नावालाच, प्रथिनेही नावालाच. खवट व्हायला त्यात काही उरतच नाही. म्हणून कॉर्नफ्लॉवरला खवट वास आला तर समजावे की ते निव्वळ सत्त्व नाही, त्यात मक्याचे साधे पीठ मिसळलेले आहे. शिंगाड्याचे पीठही पिठातच मोडते, सत्त्वात नव्हे. ते वर्षभराच्या उपवासांसाठी एकदम भरून ठेवू नये.

आता हे दाट कसे करते ते पाहा. सत्त्वाचे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. थंड पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. पाणी तापून साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे गेले की कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना खेटतात आणि खळ तयार होते. कण अखंड आहेत तोवर ही ताकद जात नाही. ओल लागून त्यात बुरशी किंवा जंतू वाढले, की ते स्वतःचे पोट भरण्यासाठी याच कणांचे तुकडे करतात. त्यासाठी त्यांच्याजवळ अमायलेज नावाचे विकर असते. तुकडे झालेले सत्त्व फुगणार कसे आणि दाट करणार कसे? सूनबाईंच्या सुपाचे हेच झाले.

जाता जाता सांगतो, हे अमायलेज आपल्या धंद्यालाही परके नाही. उसाच्या रसातही थोडा स्टार्च असतो. तो जास्त असला की पाक चिकट होतो, दाणा धरायला वेळ लागतो. म्हणून पुष्कळ साखर कारखान्यांत रसामध्ये मुद्दाम अमायलेज घालून स्टार्च तोडतात. कारखान्यात जे हवे, तेच स्वयंपाकघरात नको.

ओल शिरते कुठून?

बाजारातले चांगले सत्त्व आपल्याला कोरडे ठणठणीत वाटते, पण त्यातही १२-१३ टक्के पाणी असतेच. ते कणांच्या आत बांधलेले असते, त्याने अपाय नाही. १४-१५ टक्क्यांच्या पुढे गेले की बुरशीला दार उघडते. म्हणजे चांगले आणि वाईट यांत दोन टक्क्यांचे अंतर! आणि आपल्या बागायती भागात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की उघड्या पुड्याला कोणी पाणी घालावे लागत नाही. हवेतून ओढून घेऊन तो स्वतःच ही मर्यादा ओलांडतो.

त्याहून जास्त नुकसान आपल्या सवयींनी होते. उकळत्या पातेल्यावर डबा धरून थेट त्यातच सत्त्व पेरायचे, म्हणजे वाफ डब्यात. आमटीतला चमचा पुसून डब्यात घालायचा, म्हणजे पाणी आणि मीठमसाला दोन्ही आत. फ्रीजमध्ये ठेवले की सगळे टिकते हा एक नवाच समज. थंड डबा बाहेर काढून उघडला की बाहेरची दमट हवा त्यावर थेंब धरते, तांब्याला बाहेरून घाम येतो तसा. रोज काढ-घाल होणारे सत्त्व फ्रीजमध्ये ठेवण्याचे काहीच कारण नाही.

तेव्हा ठेवावे कसे? स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा किंवा काचेची बरणी. आधी धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेली. पुडा फोडला की लगेच त्यात ओतावा. पुड्यावरचा नाव-तारखेचा तुकडा कापून डब्यात वरच्या बाजूला ठेवावा. चुलीपासून, मोरीपासून आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर. चमचा कोरडा, आणि लागेल तेवढे आधी वाटीत काढून, झाकण लावून, मग चुलीकडे जावे. हिंग, मसाले, साबण किंवा रॉकेलजवळ ठेवू नये. सत्त्वाला स्वतःचा वास नसतो आणि म्हणूनच ते दुसऱ्याचा वास पटकन उचलते. धान्यात कडुलिंबाचा पाला घालतो तसा यात घालू नये, कडूपणा उतरतो. आणि धान्यातल्या किड्यांसाठी काही लोक अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोठून तरी मिळवून घरात आणतात, त्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत नकोतच. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो.

पुडा एकदम मोठा घेण्यात शहाणपण नाही. महिन्याला चार चमचे लागत असतील तर किलोचा स्वस्त पुडा स्वस्त नसतो. पुड्यावरची तारीख ही बंद पुड्याची हमी आहे, फोडल्यानंतरची जबाबदारी आपल्या डब्याची.

घरी केलेल्या सत्त्वाची गोष्ट वेगळी. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, वाटून गाळून चीक काढतात. त्यातला थोडा चीक वाळवून सत्त्व करून ठेवण्याची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे, आणि ती चांगली आहे. ओल्या चिकाला थोडा आंबूस वास येणारच, तो भिजवणीतल्या आंबण्याचा. पण ओला चीक उन्हाळ्यात एक रात्रही ठेवू नये. त्यावर गुलाबी, नारिंगी किंवा काळी छटा आली, तार सुटू लागली, तर कुरडयाही करू नयेत. वाळवताना वरचे पाणी नीट निथळून, चीक पातळ थरात कापडावर पसरावा आणि वर दुसरे पातळ कापड घालावे. जाड वड्या घातल्या की वरून कडक आणि आत ओल्या राहतात. अशी वडी मोडून पाहिली तर मध्यभाग मऊ लागतो. सगळ्या वड्या मधोमध कटकन मोडू लागेपर्यंत कडक ऊन द्यावे, तीन-चार दिवस लागतात. मग सावलीत पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे. उन्हातून उचलून गरम गरम भरले की डब्याच्या आतच घाम येतो आणि केलेली मेहनत पाण्यात जाते.

नाक, हात आणि पातेले

सत्त्व खराब झाले की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डबा उघडताक्षणी पहिला वास घ्यावा, कारण दोन मिनिटांनी नाक सरावते. चांगल्या सत्त्वाला जवळजवळ वास नसतो. कोंदट, मातीसारखा, आंबट किंवा ओल्या पोत्यासारखा वास आला तर पुढे काही पाहायची गरज नाही. मग थोडे पांढऱ्या कागदावर उजेडात पसरावे. हिरवट, काळे, पिवळसर ठिपके म्हणजे बुरशी. बारीक जाळ्या म्हणजे पतंगाची अळी. तांबूस बारीक भुंगेरे असतील तर ते पिठातले भुंगेरे. त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रव्याने पिठाला गुलाबी झाक आणि उग्र वास येतो. चाळून किडे जातात, वास जात नाही. निव्वळ सत्त्वावर किडा फारसा पोसत नाही, तेव्हा भुंगेरे दिसले तर शेजारच्या रव्या-मैद्याचे डबेही उघडून पाहावेत. मूळ तिकडे सापडेल.

हाताची परीक्षा मला सगळ्यात आवडते. चिमूटभर सत्त्व बोटांत दाबले की कोरड्या सत्त्वाची बारीक कुरकुर जाणवते. ओल धरलेले निमूट दबते. गाठी असतील तर त्यांची परीक्षा घ्यावी. बोटाने हलकेच भुकटी होणारी गाठ वजनाने दबून झालेली असते, तिला घाबरू नये. चाळून वापरावे. कडक खड्यासारखी, फोडावी लागणारी गाठ म्हणजे तिथे पाणी पडले होते. गाठ फोडून आतला रंग आणि वास पाहावा. दोन्ही स्वच्छ असतील आणि नुसताच दमटपणा वाटत असेल, तर दोन-तीन तास कडक ऊन देऊन, गार करून, लवकर संपवावे.

आणि शेवटी पातेले. पण नाक आणि डोळे यांनी पास केलेलेच सत्त्व पातेल्यापर्यंत न्यावे, कारण ही परीक्षा ताकदीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. दोन लहान सपाट चमचे सत्त्व थोड्या गार पाण्यात कालवून कपभर उकळत्या पाण्यात ओतावे आणि मिनिट-दोन मिनिटे ढवळावे. चमकदार, सरसरीत खळ झाली की उत्तम. आरारूटाची खळ काचेसारखी पारदर्शक, मक्याची दुधाळ. पाण्यासारखेच राहिले तर त्या सत्त्वात राम नाही. आरारूटाच्या नावाखाली मक्याचे किंवा साबुदाण्याच्या कंदाचे सत्त्व पुष्कळदा गळ्यात मारतात, तेही या खळीवरून थोडेफार कळते. खडूच्या भुकटीची शंका असेल तर कोरड्या पुडीवर लिंबू पिळावे. फेस आला तर दुकानदाराला परत करावे.

आता उलट बाजू. चांगले सत्त्व विनाकारण टाकले जाते, तेही होऊ नये. दाट झालेले सूप फार वेळ खळाखळा उकळले, किंवा त्यात चिंच-लिंबू आधीच पिळले, तर ते पुन्हा पातळ होते. तो दोष डब्याचा नाही. खळ फ्रीजमध्ये ठेवली की कडेने पाणी सुटते, तेही नासणे नव्हे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून जे 'सत्त्व' करतात त्याची लापशी पातळच होणार. मोड येताना नाचणीतच अमायलेज तयार होते. बाळाला ती पचायला हलकी पडते याचे एक कारण हेच. मात्र हे खरे पाहता पीठ आहे, त्यात तेलाचा अंश आहे, तेव्हा ते थोडे थोडे ताजे करावे. आणि वाटीतली खीर चाटून पुन्हा तोच चमचा बुडवला की ती तासाभरात पाणी होते, हे घरोघरी पाहण्यात आहे. आपल्या लाळेतही तेच विकर असते. उष्टे न करण्याची आजीची शिस्त येथे रसायनशास्त्राला धरून आहे!

शिजवल्यावर मात्र सगळा हिशेब बदलतो. कोरडे सत्त्व तीन वर्षे टिकेल, पण शिजवलेली लापशी उन्हाळ्यात दोन तासांवर बाहेर ठेवू नये. सकाळची उरलेली पेज दुपारी गरम करून बाळाला पाजणे तर नकोच. काही जंतूंचे विष पुन्हा उकळून जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, आणि जुलाब झाले असता आरारूटाची पेज हे औषध नव्हे. क्षार-साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

बुरशीला दया नको

बुरशी दिसली तर वरचे काढून खालचे वापरू, असे कोणी करू नये. दिसते ते बुरशीचे फूल, तिचे तंतू आणि विष खाली उतरलेले असू शकते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, ते यकृतावर जाते आणि उकळून नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका लोकांनी नाइलाजाने खाल्ला. कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तो अख्खा मका होता आणि रोजचे जेवण होते, दोन चमचे कॉर्नफ्लॉवरशी त्याची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण डब्यातली बुरशी विषारी जातीची की साधी, हे डोळ्यांना कळत नाही, आणि वाटीभर सत्त्वासाठी तो जुगार कशाला?

असे सत्त्व म्हशीच्या आंबोणातही टाकू नका. "जनावराला काय होतंय" हे नेहमीचे वाक्य. होते ते असे, की हे विष रूप बदलून दुधात उतरते आणि दूध पुन्हा आपल्याच घरात येते. कोंबड्यांनाही नको. उकिरड्यात खड्डा करून पुरावे, डबा गरम पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावा.

एक गोष्ट नाकाला कळत नाही

आता ज्या गोष्टीसाठी मी ही सगळी लेखणी झिजवली ती सांगतो. आडसाली लागण जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे ज्या दिवसांत सत्त्वाला ओल धरते, त्याच दिवसांत बेणे प्रक्रियेची पांढरट पूड घरात येते. १०० लिटर पाण्याला १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम असे प्रमाण आम्हीच देतो. पुडा अर्धा उरतो, तो पाऊस लागू नये म्हणून घरात येतो, आणि फाटला असेल तर जो रिकामा डबा हाताला लागेल त्यात जातो. शिवार फेरीत अशा घरांतल्या फळ्या मी पाहिल्या आहेत. एका ओळीत आरारूट, खायचा सोडा, बोरिक पावडर आणि औषधाची पूड. चारही पांढऱ्या आणि चारही डब्यांवर चिठ्ठी नाही. घरातल्या बाईला कोणता डबा कशाचा हे पाठ असते. पण ती माहेरी गेली आणि आजारी नातवासाठी पेज करायला आजोबा उठले तर?

बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ मुले गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले, आणि कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवल्याचे चौकशीत पुढे आले. तिथे तेल होते, आपल्याकडे पांढरी पूड असेल.

म्हणून चिठ्ठी नसलेल्या डब्यातली पांढरी पूड ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. चाखून तर नाहीच नाही. खळ होते म्हणजे सत्त्वच, हाही पुरावा धरू नये, कारण सत्त्वात दुसरे काही मिसळले असले तरी खळ होतेच. ती सरळ टाकावी. औषधाचा उरलेला पुडा मूळ पाकिटातच दुमडून, पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून, शक्यतो शेतावरच्या खोलीत ठेवावा. औषधाचा डबा, कितीही धुतला आणि कितीही चांगल्या झाकणाचा असला, तरी स्वयंपाकघरात आणू नये. जुन्या घरांत आडोशाला बीएचसी पावडरीची पोती किंवा थिमेटच्या थैल्या अजून सापडतात. बीएचसीवर १९९७ पासून आणि थिमेटमधल्या फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे. तशी काही सापडली तर हात न लावता गट कार्यालयात कळवावे. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवत बसू नये. माणूस आणि तो डबा, दोन्ही घेऊन तडक दवाखाना गाठावा.

या हंगामात बेणे प्रक्रियेचे औषध घेताना क्षेत्राप्रमाणे मोजूनच मागावे. किती गुंठ्याला किती लागते ते चिटबॉय लिहून देईल. उरणारच नाही एवढेच न्यावे.